वॉशिंग्टन रोबलिंग

वॉशिंग्टन ऑगस्टस रोबलिंग (२६ मे, १८३७ – २१ जुलै, १९२६) हे अमेरिकन स्थापत्य अभियंते आणि खनिज-संग्राहक होते. न्यूयॉर्क येथील ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंते म्हणून ते जगभर ओळखले जातात. खनिजविज्ञानाच्या क्षेत्रात मात्र त्यांचे नाव एका वेगळ्या कार्यासाठी आदराने घेतले जाते. पुलाच्या पायाभरणीच्या वेळी जडलेल्या व्याधीने त्यांचे पुढील सर्व आयुष्य व्यापले. त्या आयुष्यात त्यांनी १६,००० हून अधिक नमुन्यांचा खनिजसंग्रह उभा केला. त्यांच्या निधनानंतर हा संग्रह अखंड स्वरूपात स्मिथसोनियन संस्थेला देण्यात आला. आजही तो तेथील राष्ट्रीय खनिजसंग्रहाचा एक प्रमुख आधार आहे. रोबलिंगाइट हे खनिज आणि अमेरिकेच्या खनिजवैज्ञानिक सोसायटीचे रोबलिंग पदक यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

रोबलिंग यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील सॅक्सनबर्ग या गावी झाला. त्यांचे वडील जॉन ऑगस्टस रोबलिंग हे जर्मनीतील म्युलहाउझेन येथून आलेले अभियंते होते. सॅक्सनबर्ग ही जर्मन स्थलांतरितांची वसाहत वसवण्यात त्यांचा पुढाकार होता. जॉन रोबलिंग यांनी तेथे लोखंडी तारांचे दोर तयार करण्याचा उद्योग सुरू केला आणि १८४९ मध्ये तो न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन येथे हलवला. झुलत्या पुलांचे रचनाकार म्हणून त्यांची कीर्ती झाली होती. घरात मात्र त्यांची शिस्त अतिशय कठोर होती. वॉशिंग्टन हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र होते. वडिलांविषयीचा आदर आणि त्यांचा धाक या दोहोंची छाया त्यांच्या मनावर दीर्घकाळ राहिली. पुढे त्यांनी वडिलांचे चरित्र लिहिले. त्यात वडिलांच्या कर्तृत्वाबरोबरच त्यांच्या कठोरपणाचीही नोंद त्यांनी केली आहे.

वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील रेन्सेलेअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधून १८५७ मध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले. त्यानंतर पिट्सबर्ग येथे अ‍ॅलेघेनी नदीवरील पुलाच्या कामात त्यांनी वडिलांना साहाय्य केले.

यादवी युद्धातील सेवा व विवाह

१८६१ मध्ये अमेरिकन यादवी युद्धाला तोंड फुटताच रोबलिंग उत्तरेकडील संघराज्याच्या सैन्यात साधे सैनिक म्हणून दाखल झाले. सैन्यासाठी झुलते पूल बांधणे, नकाशे तयार करणे, बलूनमधून शत्रूची टेहळणी करणे अशी कामे त्यांनी केली. जुलै १८६३ मधील गेटिसबर्गच्या लढाईत ते जनरल गव्हर्नर वॉरेन यांचे साहाय्यक अधिकारी होते. लिटल राउंड टॉप या मोक्याच्या टेकडीवर तोफा चढवण्यास त्यांनी स्वतः हातभार लावला. कर्नल हा सन्माननीय हुद्दा मिळवून १८६५ च्या आरंभी ते सैन्यातून बाहेर पडले. पुढील आयुष्यभर ते कर्नल रोबलिंग याच नावाने ओळखले गेले.

१८६४ मध्ये लष्करी छावणीतील एका नृत्यसमारंभात त्यांची भेट जनरल वॉरेन यांच्या भगिनी एमिली वॉरेन यांच्याशी झाली. जानेवारी १८६५ मध्ये कोल्ड स्प्रिंग या गावी त्यांचा विवाह झाला. ओहायो नदीवरील सिनसिनाटीच्या पुलाचे काम संपल्यानंतर १८६७ मध्ये हे दांपत्य युरोपला गेले. पाण्याखाली पाया घालण्याच्या नव्या पद्धतींचा अभ्यास करणे हा या प्रवासाचा हेतू होता. याच मुक्कामात म्युलहाउझेन येथे त्यांचे एकुलते एक अपत्य जॉन यांचा जन्म झाला.

ब्रुकलिन पूल

न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन या तेव्हाच्या दोन स्वतंत्र शहरांना जोडणाऱ्या पुलाची योजना जॉन रोबलिंग यांनी आखली होती. जून १८६९ मध्ये जागेची पाहणी करत असताना धक्क्याला लागणाऱ्या बोटीमुळे त्यांचा पाय चिरडला गेला. त्यातून धनुर्वात होऊन २२ जुलै, १८६९ रोजी त्यांचे निधन झाले. पुलाची संपूर्ण जबाबदारी ३२ वर्षांच्या वॉशिंग्टन यांच्यावर आली. वडिलांनी मागे ठेवलेल्या योजनेत तपशील फारसे नव्हते. ते बहुतांशी वॉशिंग्टन यांनाच ठरवावे लागले.

पुलाच्या दोन मनोऱ्यांचा पाया घालण्यासाठी केसॉनचा वापर करण्यात आला. केसॉन म्हणजे तळ उघडा असलेली प्रचंड लाकडी पेटी होय. ती नदीत उपडी सोडून तिच्यात दाबाखालील हवा भरली जाते. या हवेमुळे पाणी आत शिरत नाही आणि मजुरांना नदीच्या तळाशी खोदकाम करता येते. पेटीवर दगडी मनोऱ्याचे बांधकाम वाढत जाते, तशी ती खाली रुतत जाते. डिसेंबर १८७० मध्ये ब्रुकलिनच्या बाजूच्या केसॉनच्या लाकडी छताला आग लागली. रोबलिंग यांनी अनेक तास आत राहून ती विझवण्याचे काम चालवले आणि अखेर ते कोसळले. छताच्या आत धुमसणारी आग शेवटी संपूर्ण पेटीत पाणी सोडून विझवावी लागली.

न्यूयॉर्कच्या बाजूला खडक अधिक खोल होता आणि खोलीबरोबर हवेचा दाबही वाढत गेला. अशा दाबातून एकदम बाहेर येणाऱ्या माणसाच्या रक्तात व ऊतींमध्ये विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे तयार होतात. त्यामुळे सांधे असह्य दुखतात, अंग लुळे पडते, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. या विकाराला केसॉन रोग असे नाव पडले. दाब अगदी सावकाश कमी करणे हाच त्यावरचा खरा उपाय होता, परंतु त्या काळी तो नीट समजलेला नव्हता. न्यूयॉर्कच्या केसॉनमध्ये शंभरहून अधिक मजुरांना या रोगाची बाधा झाली आणि काहींचा मृत्यू झाला.

मे १८७२ मध्ये केसॉन सुमारे ७८ फूट खोलीवर असताना रोबलिंग यांच्यापुढे कठीण निर्णय उभा राहिला. तळखडकाचा पृष्ठभाग उंचसखल होता. सर्वत्र खडकापर्यंत खोदत जायचे, तर आणखी बळी जाण्याची शक्यता होती. रोबलिंग यांनी तळाशी असलेल्या वाळू-खड्यांच्या थरांचे बारकाईने परीक्षण केले. हे थर अत्यंत घट्ट आहेत आणि साचल्यापासून हललेले नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला व खोदकाम थांबवण्याचा आदेश दिला. त्या बाजूचा मनोरा आजही तळखडकावर नव्हे, तर याच थरांवर उभा आहे.

आजारपण आणि एमिली रोबलिंग यांचे साहाय्य

१८७२ मध्ये रोबलिंग स्वतः केसॉन रोगाने ग्रस्त झाले. सततच्या वेदना, क्षीण दृष्टी आणि मज्जासंस्थेचा थकवा यांमुळे त्यांना कामाच्या जागी जाणे अशक्य झाले. १८७३ मध्ये उपचारांसाठी ते जर्मनीतील वीसबाडेन येथे राहिले, परंतु प्रकृती पूर्ववत झाली नाही. दीर्घ संभाषणही त्यांना सोसत नसे. अशा अवस्थेत त्यांनी पुलाच्या पुढील टप्प्यांच्या सविस्तर सूचना पत्नीला सांगून लिहून घेतल्या. एमिली यांनी गणित, पदार्थांचे बल आणि तारदोरांची रचना यांचा अभ्यास केला. अभियंते, कंत्राटदार आणि विश्वस्त यांच्याशी होणारा बहुतेक व्यवहार त्यांच्यामार्फत चाले. ब्रुकलिन हाइट्स येथील घराच्या खिडकीतून रोबलिंग दुर्बिणीने कामाकडे पाहत असत.

१८७८ मध्ये तारांचा पुरवठा करणाऱ्या कंत्राटदाराने तपासणीत नाकारलेली तार पुलावर पाठवल्याचे उघडकीस आले. दोरात गुंफलेली सदोष तार काढणे शक्य नव्हते. रोबलिंग यांनी रचनेत आधीच मोठी सुरक्षा राखली होती. तरीही त्यांनी चारही दोरांत प्रत्येकी सुमारे १५० जादा तारा घालण्यास कंत्राटदाराला भाग पाडले. १८८२ मध्ये आजारपणाचे कारण देऊन त्यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला. मतदानात तो १० विरुद्ध ७ मतांनी फेटाळला गेला.

२४ मे, १८८३ रोजी पूल खुला झाला. ४८६ मीटर लांबीचा त्याचा मुख्य गाळा त्या काळी जगात सर्वांत मोठा होता. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर उद्घाटनाला उपस्थित होते. रोबलिंग समारंभाला जाऊ शकले नाहीत. राष्ट्राध्यक्षांनीच त्यांच्या घरी जाऊन त्यांचे अभिनंदन केले.

खनिजसंग्रह

पुलानंतर रोबलिंग यांनी दुसरे मोठे बांधकाम हाती घेतले नाही. त्यांचा मुलगा रेन्सेलेअरमध्ये शिकत असताना काही वर्षे हे कुटुंब ट्रॉय येथे राहिले आणि त्यानंतर ट्रेंटन येथे स्थायिक झाले. अभियांत्रिकीतून मोकळ्या झालेल्या या काळात खनिजे हा रोबलिंग यांचा मुख्य व्यासंग बनला. प्रकृतीच्या मर्यादांमुळे खाणी व डोंगर पालथे घालणे त्यांना सहज शक्य नव्हते. म्हणून त्यांचा संग्रह प्रामुख्याने खनिज-व्यापाऱ्यांकडून खरेदी, इतर संग्राहकांशी देवाणघेवाण आणि खनिजवैज्ञानिकांशी पत्रव्यवहार यांतून वाढत गेला. पुलाचे काम त्यांनी आजारी असताना खोलीत बसून लेखी सूचनांच्या आधारे पूर्ण केले होते. संग्रहाची उभारणीही बव्हंशी तशीच पत्रे, याद्या आणि नोंदी यांच्या बळावर झाली.

त्या काळातील अनेक श्रीमंत संग्राहक आकर्षक स्फटिकांच्या मागे असत. मोठा आकार, गडद रंग आणि निर्दोष पैलू हे त्यांचे निकष होते. रोबलिंग यांच्या संग्रहातही सुंदर नमुने होते, परंतु संग्रहाची परिपूर्णता हे त्यांचे मुख्य उद्दिष्ट होते. विज्ञानाला ज्ञात असलेली प्रत्येक खनिज जाती आपल्या संग्रहात असावी, अशी त्यांची धारणा होती. अनेक दुर्मीळ खनिजे दिसायला अगदी सामान्य असतात. एखाद्या खडकाच्या भेगेतील पांढरा थर किंवा डोळ्यांना जेमतेम दिसणारे कण एवढेच त्यांचे रूप असते. अशा नमुन्यांना प्रदर्शनाच्या दृष्टीने मोल नसले, तरी अभ्यासकाच्या दृष्टीने ते अमूल्य असतात. नवीन खनिजाचे वर्णन प्रसिद्ध झाले की त्याचा नमुना मिळवण्यासाठी रोबलिंग प्रयत्न करीत. आयुष्याच्या अखेरीस ज्ञात खनिज जातींपैकी अगदी थोड्याच त्यांच्या संग्रहात नव्हत्या.

जातींच्या दृष्टीने परिपूर्ण संग्रहाचे शास्त्रीय महत्त्व मोठे असते. खनिज ओळखण्यासाठी त्याची तुलना खात्रीशीर नमुन्याशी करावी लागते आणि असे नमुने एकाच ठिकाणी क्वचितच मिळतात. शिवाय पृथक्करणाच्या पद्धती सुधारत जातात, तसे जुने नमुने पुन्हा तपासता येतात. विसाव्या शतकाच्या आरंभी क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची अंतर्गत रचना समजू लागली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात केलेली अनेक वर्णने सुधारावी लागली. ज्या नमुन्यांवरून ती वर्णने केली होती, ते जपलेले असतील तरच अशी सुधारणा शक्य होते.

फ्रँकलिन व रोबलिंगाइट

रोबलिंग राहत होते त्या न्यू जर्सी राज्याच्या उत्तर भागात फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिल येथे जस्ताच्या प्रसिद्ध खाणी होत्या. फ्रँकलिनाइट, विलेमाइट आणि झिंकाइट ही तेथील मुख्य धातुके होत. या परिसरातून आतापर्यंत साडेतीनशेहून अधिक खनिज जातींची नोंद झाली असून त्यांतील काही अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. तेथील विलेमाइट अतिनील प्रकाशात हिरव्या रंगाने आणि कॅल्साइट तांबड्या-नारिंगी रंगाने चमकते.

१८९७ मध्ये सॅम्युएल पेनफिल्ड आणि हॅरी फूट यांनी फ्रँकलिन येथील एका नव्या खनिजाचे वर्णन केले आणि त्याला रोबलिंग यांच्या सन्मानार्थ रोबलिंगाइट हे नाव दिले. हे चिनी मातीसारखे दिसणारे पांढरे, घट्ट खनिज आहे. त्यात कॅल्शियम, शिसे, मँगनीज, सिलिका आणि गंधक असते. आरंभी त्यातील गंधक सल्फाइटच्या रूपात असल्याचे मानले गेले होते. पुढील अभ्यासात ते सल्फेटच्या रूपात असल्याचे स्पष्ट झाले. स्वीडनमधील लाँगबान येथेही हे खनिज सापडले आहे. नमुने जतन करणे किती आवश्यक असते, याचे हे खनिज स्वतःच एक उदाहरण ठरले.

रोबलिंग ओपल

रोबलिंग यांच्या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे रोबलिंग ओपल हा काळ्या ओपलचा खडा होय. १९१७ मध्ये नेव्हाडा राज्यातील व्हर्जिन व्हॅली येथील खाणीत तो सापडला. त्याचे वजन २,५८५ कॅरट, म्हणजे अर्ध्या किलोग्रॅमहून किंचित अधिक आहे. या खोऱ्यात ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या लाकडाची जागा सिलिकायुक्त पाण्याने घेतली आणि त्यापासून ओपल तयार झाले. येथील ओपलमध्ये पाण्याचा अंश असतो आणि हवेत सुकताना त्याला तडे जाण्याची शक्यता असते. त्यामुळे ते दागिन्यांपेक्षा संग्रहांतच अधिक आढळते.

उत्तरायुष्य

एमिली रोबलिंग यांनी १८९९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला. २८ फेब्रुवारी, १९०३ रोजी त्यांचे निधन झाले. १९०८ मध्ये रोबलिंग यांनी कॉर्नेलिया विट्सेल फॅरो यांच्याशी दुसरा विवाह केला. १९१२ मध्ये टायटॅनिक जहाजाच्या दुर्घटनेत त्यांच्याच नावाचे त्यांचे पुतणे वॉशिंग्टन रोबलिंग दुसरे हे मृत्युमुखी पडले. पुढे त्यांचे धाकटे बंधू फर्डिनंड आणि चार्ल्स हेही निवर्तले. कौटुंबिक कंपनीचा कारभार या दोघांनीच दीर्घकाळ सांभाळला होता.

१९२१ मध्ये कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष असलेले त्यांचे पुतणे कार्ल रोबलिंग यांचे आकस्मिक निधन झाले. तेव्हा वयाच्या ८४ व्या वर्षी वॉशिंग्टन यांनी अध्यक्षपद स्वीकारले. तरुणपणी ज्यांच्या जगण्याची शाश्वती वाटत नव्हती, ते आता एका मोठ्या पोलाद व तारदोर उद्योगाचे प्रमुख झाले. ते ट्रामने कार्यालयात जात. त्यांच्या कारकिर्दीत कंपनीचे कारखाने वाफेऐवजी विजेवर चालू लागले. हडसन नदीवरील बेअर माउंटन पुलाच्या तारदोरांचे कामही याच काळात कंपनीने पूर्ण केले. खनिजांविषयीचा त्यांचा जिव्हाळा अखेरपर्यंत टिकून होता. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या खनिजवैज्ञानिक सोसायटीला त्यांनी ४५,००० डॉलरची देणगी दिली. नव्याने उभ्या राहणाऱ्या या संस्थेला त्यामुळे आर्थिक स्थैर्य लाभले.

२१ जुलै, १९२६ रोजी ट्रेंटन येथे वयाच्या ८९ व्या वर्षी रोबलिंग यांचे निधन झाले. कोल्ड स्प्रिंग येथे एमिली यांच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

संग्रहाचे जतन

संग्राहकाच्या निधनानंतर खासगी संग्रह वारसांत वाटला जाणे किंवा तुकड्या-तुकड्यांनी विकला जाणे ही नेहमीची बाब आहे. असे झाले की नमुन्यांच्या चिठ्ठ्या हरवतात आणि नमुना कोठे सापडला ही माहिती नाहीशी होते. मग त्याचे शास्त्रीय मूल्यही बहुतांशी संपते. रोबलिंग यांच्या संग्रहाच्या बाबतीत हे घडले नाही. त्यांचे पुत्र जॉन रोबलिंग यांनी १९२६ मध्ये संपूर्ण संग्रह स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिला. त्याबरोबर त्यांनी १,५०,००० डॉलरचा निधीही दिला. या निधीच्या उत्पन्नातून संग्रहात सातत्याने भर घालण्याची सोय झाली. त्याच वर्षी न्यू जर्सीतील फ्रेडरिक कॅनफिल्ड यांचा सुमारे ९,००० नमुन्यांचा संग्रहही निधीसह स्मिथसोनियनकडे आला. या दोन संग्रहांमुळे तेथील खनिजसंग्रहाची जगातील अग्रगण्य संग्रहांत गणना होऊ लागली.

या देणगीला आणखी एक पार्श्वभूमी आहे. ज्यांच्या संपत्तीतून ही संस्था स्थापन झाली, ते जेम्स स्मिथसन स्वतः रसायनशास्त्रज्ञ आणि खनिज-संग्राहक होते. स्मिथसोनाइट या जस्ताच्या खनिजाला त्यांचेच नाव दिलेले आहे. त्यांनी जमवलेला खनिजसंग्रह १८६५ मध्ये संस्थेच्या इमारतीला लागलेल्या आगीत नष्ट झाला होता. संस्थापकाच्या संग्रहाला मुकलेल्या संस्थेला सहा दशकांनंतर रोबलिंग यांचा संग्रह मिळाला. स्मिथसोनियनच्या नोंदींमध्ये या संग्रहातील नमुन्यांच्या क्रमांकापुढे आर हे रोमन अक्षर लावले जाते, त्यामुळे त्यांचे मूळ आजही ओळखता येते.

सन्मान व वारसा

अमेरिकेची खनिजवैज्ञानिक सोसायटी रोबलिंग पदक हा आपला सर्वोच्च सन्मान खनिजविज्ञानातील उल्लेखनीय मूलभूत संशोधनासाठी देते. पहिले पदक १९३७ मध्ये चार्ल्स पॅलाश यांना देण्यात आले. पॅलाश यांचा फ्रँकलिन येथील खनिजांचा अभ्यास विशेष प्रसिद्ध आहे. व्यवसायाने खनिजवैज्ञानिक नसलेल्या व्यक्तीचे नाव या शास्त्रातील सर्वोच्च पदकाला मिळाले, ही लक्षणीय बाब आहे.

वडील आणि मुलगा या दोघांच्याही नावाशी एकच पूल जोडलेला असल्याने अनेकदा त्यांच्या कार्याची गल्लत होते आणि पुलाचे श्रेय केवळ जॉन रोबलिंग यांना दिले जाते. खनिजसंग्रह मात्र पूर्णतः वॉशिंग्टन रोबलिंग यांचा आहे. ब्रुकलिन पुलावरून आजही दररोज हजारो लोक ये-जा करतात, आणि रोबलिंग यांनी जमवलेले नमुने आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.